प्रिय, मागचं चाक लटपटतं

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून सुरुवातीलाच म्हणून घेतलं. पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण फोन दुकानाच्या गल्ल्यावर असतो आणि तुझा दादा तिथून दोन हातांवर बसून चाकाच्या तारा ताणत असतो. त्याच्याविषयीच्या तक्रारी त्याच्याच समोर कशा करायच्या? तारा ताणताना त्याचे कान जरा जास्तच तिखट होतात.

तर ऐक. जागेच्या मालकाला दुकान परत हवंय. एकतीस मार्चपर्यंत खाली करायचं. बाबांच्या वेळेपासून सायकलदुरुस्ती त्या कोपऱ्यावर, बसथांब्याला लागून. आता मिळतेय ती जागा लाँड्रीच्या मागच्या गल्लीत आहे. पत्र्याचं शटर, जमीन सपाट, उजेड चांगला. भाडंही परवडतं. फक्त तिथून कुणी जात-येत नाही. लाँड्रीवाल्याची मांजर जाते तेवढीच.

त्यातच सुट्या भागांच्या घाऊक व्यापाऱ्याने तुझ्या दादाला गोदामात नोकरी देऊ केलीय. एक एप्रिलपासून. खुर्ची, पंखा आणि दिवसभर चाकातले छर्रे मोजायचे. तो म्हणतो, "काय वाईट आहे? गुडघ्याला आराम." मी म्हटलं, आणि गल्लीतली जागा? तर म्हणाला, "माझ्याकडे कोण येतं? लोक कोपऱ्यावर येतात. कोपरा गेला की लोक गेले." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मला रडूच आलं. रागाने आलं, तू उगाच हळवी होऊ नकोस.

दोन दिवस डोकं खाल्ल्यावर एवढं कबूल केलं की, वीस मार्चपर्यंत पन्नास माणसं 'आम्ही गल्लीत येऊ' म्हणाली तर नवीन दुकान, नाहीतर गोदाम. आणि तो स्वतः कुणाला विचारणार नाही. "मी कुणाच्या दारात जाणार नाही." म्हणजे दारोदार मी.

त्याच्या वहीत एकशे शहाऐंशी गिऱ्हाइकांचे ईमेलचे पत्ते आहेत. 'सायकल झाली, घेऊन जा' हे मी एकेकाला कळवते ना, ते. परवा मी सगळे पत्ते एकाच पत्रात घातले आणि दिलं पाठवून. सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसले. एकाने उत्तर दिलं ते सगळ्यांना गेलं. दुसऱ्याने विचारलं, लहान मुलाची सायकल कुणाला विकायचीय का. तिसऱ्याने फोटो धाडला. दोघं एका वर्गातले निघाले, त्यांच्या गप्पा रंगल्या. संध्याकाळपर्यंत सत्तर पत्रं, आणि दुकान हलतंय याबद्दल एकाचाही चकार शब्द नाही. मग आमची ईमेलची पेटीच एक दिवस बंद पडली. फार पत्रं पाठवता म्हणे.

लाँड्रीवाली म्हणाली, अशी पत्रं पाठवणाऱ्या फुकट सेवा असतात. तुझं तर रोजचं काम ते. कुठली घेऊ सांग. मात्र फुकटच हवी.

तुझी वहिनी


८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

ईमेल कसा पाठवावा हे टपालाने विचारणारी तू जगात एकटीच असशील. मीही टपालानेच उत्तर देतेय, म्हणजे घराणं एकच.

गोदामाचं वाचून बरं वाटलं नाही. दादा खुर्चीवर बसला तर सहा महिन्यांत म्हातारा होईल. त्याला नवरा म्हणून तू सांभाळशील, पण छर्रे मोजणारा भाऊ मला नको. तेव्हा पन्नास माणसं आणायचीच.

आता मास्तरीणबाईंचं ऐका. मी आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दोन हजार लोकांना 'तपासणीला या' म्हणून पत्रं पाठवते, त्यामुळे या सेवांची सगळी नाटकं मला माहीत आहेत. फुकट ते पौष्टिक हे खरं, पण फुकट देणाराही काही खुळा नसतो. तो कुठेतरी हात आखडतो. कुठे आखडतो ते आधी बघायचं. नावं लक्षात राहणार नाहीत, म्हणून दादा सायकली ओळखतो तसं रंगावरून सांगते. त्यांच्या पहिल्या पानाचा जो रंग, तीच ओळख.

पिवळी पाचशे पत्त्यांपर्यंत फुकट आहे, पण महिन्याला एक हजारच पत्रं. तुझी एकशे शहाऐंशी माणसं, म्हणजे महिन्यात पाचदा लिहिता येईल. तुझा स्वभाव बघता ते तुला पुरणार नाही. शिवाय प्रत्येक पत्राखाली ती स्वतःची पाटी लावते. निळी पत्ते कितीही ठेवू देते, पण दिवसाला शंभरच पत्रं सोडते. म्हणजे निम्म्यांना आज कळणार आणि उरलेल्यांना त्या निम्म्यांकडून. करडी दिसायला सगळ्यात देखणी, आणि पहिल्याच पायरीवर बँकेचं कार्ड मागते. चौदा दिवसांनी कळतं की ते फुकट नव्हतं, नुसतं चाखायला दिलं होतं. तिच्या दारातूनच परत फिर. हिरवी साधी आहे, चित्रंबित्रं नाहीत, पण हजार पत्ते घेते आणि उद्या तुझं तिच्याशी पटलं नाही तर तुझी यादी तुला जशीच्या तशी परत देते. वहिनी, हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. यादी आपली पाहिजे.

मी तुझ्या जागी असते तर हिरवी घेतली असती.

कुठलीही घेतलीस तरी एक कर. पत्रात 'हो, मी येईन, कळवत राहा' असं बटण ठेव. ज्याने ते दाबलं तोच पन्नासात धरायचा. नुसतं पत्र उघडलं म्हणजे हो झालं नाही. दुकानात डोकावून जाणारा काय गिऱ्हाईक असतो? खाली 'मला नको' अशी वाटही असावीच लागते, ती काढायला जाऊ नकोस आणि कुणी त्या वाटेने गेलं तर मनाला लावून घेऊ नकोस. नावाचा रकाना भर. आणि सगळ्यांना धाडण्याआधी एक चाचणीचं पत्र स्वतःलाच पाठवून बघ. हे विसरू नकोस. तू विसरशील, म्हणून दोनदा लिहिते, विसरू नकोस.

तुझी हुशार नणंद


१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पिवळी घेतली.

रागावू नकोस. हिरवी बघितली, पण ती म्हणजे सरकारी नोटीस. पिवळीत सायकलचं चित्र असलेलं पत्र आयतंच मिळालं, टोपलीत फुलं वगैरे. तुझ्या दादाच्या दुकानात येणाऱ्या एकाही सायकलच्या टोपलीत कधी फुलं नव्हती. असतो तो टिफिन आणि ओले मोजे. पण चित्र छान आहे.

एके ठिकाणी अडले. पत्राखाली आपला खरा पत्ता घालावाच लागतो, त्याशिवाय पिवळी पुढे जाऊ देत नाही. आता जुना घालू की नवीन? जुना खरा, पण दीड महिन्याचा. नवीन खोटा, जोवर पन्नास होत नाहीत. एकदा जुना लिहिला, खोडला. मग लाँड्रीच्या मागची गल्ली, पत्र्याचं शटर, असा नवीन पत्ता लिहिला. लिहून झाल्यावर एकदम वाटलं की आपण तिथे राहायला गेलोच. जरा उड्याही मारल्या, कुणी बघत नव्हतं.

नावाचा रकाना भरला. वहीत 'ओळख' असा रकाना आहे, त्यातलंच जसंच्या तसं उतरवलं. तीन दुपारी गेल्या. तुझ्या दादाचं अक्षर म्हणजे तेलात पाय बुडवून मुंगी चाललेली. शेवटचे शंभर तर मान खाली घालून नुसते ठोकले, काय लिहितेय याकडे लक्षही नव्हतं. त्या आयत्या पत्रात 'प्रिय'च्या पुढे महिरपी कंसात काहीतरी नक्षी होती. पुसायला गेले तर पिवळी लाल होऊन ओरडायला लागली. म्हटलं राहू दे, दिसतेय बरी.

चाचणीचं पत्र पाठवणारच होते, तेवढ्यात तुझा दादा पाना शोधत आत आला. घाईघाईत जे बटण हाताला लागलं ते दाबलं. गेलं सगळ्यांना. पण मजकूर मी चारदा वाचला होता, एकही चूक नाही.

आता बघू. उद्यापासून हो यायला लागतील.

तुझी वहिनी


१७ फेब्रुवारी

वन्सं,

ती नक्षी नव्हती.

ती नक्षी म्हणजे नाव यायची जागा होती. प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक. आणि नावाच्या रकान्यात मी तुझ्या दादाच्या वहीतली 'ओळख' उतरवलेली. तुझ्या दादाने बावीस वर्षांत कुणाला नाव विचारलं नाही, हे तुला ठाऊक आहे. "नाव कशाला, सायकल दिसतेच की." तो सायकल लिहितो. आणि सायकलबरोबर जे डोळ्याला दिसेल ते.

म्हणजे एकशे शहाऐंशी लोकांना अशी पत्रं गेलीत: 'प्रिय मागचं चाक लटपटतं.' 'प्रिय चेन कधी पुसत नाही.' 'प्रिय हवा भरून पंप तिथेच टाकतो.' बँकेच्या मॅनेजरसाहेबांना 'प्रिय डावं पेडल, बडबड्या.' दातांच्या डॉक्टरांना 'प्रिय सायकल चांगली, माणूस कटकट्या.' शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना 'प्रिय ब्रेक असून पाय घासते.'

मॅनेजरसाहेबांनी उत्तर पाठवलंय, एकच शब्द, 'कोण?'

दादाला अजून माहीत नाही. तू मला दोनदा लिहिलं होतंस, ते मला माहीत आहे. आता तिसऱ्यांदा लिहू नकोस. पाया पडते, काय करू सांग.

वहिनी


२१ फेब्रुवारी

प्रिय सरळ हँडल, वाकडी समजूत,

मी तुझं पत्र दवाखान्यात वाचलं. इतकी हसले की डॉक्टर बाहेर येऊन विचारून गेल्या, कुणी थेंब जास्त घातले का. मग मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आता इथे सगळ्यांना बडबड्या मॅनेजरची काळजी लागून राहिलीय.

तिसऱ्यांदा लिहीत नाही. दोनदा लिहिलेलं पुरे आहे.

आता ऐक. माफीचं पत्र पाठवू नकोस. पहिलं म्हणजे पिवळीच्या हजारातली आणखी एकशे शहाऐंशी खर्च होतील, आणि ज्यांनी पहिलं पत्र उघडलं नाही तेही आता काय झालं म्हणून उघडतील. दुसरं म्हणजे माफी मागायची कशाची? एकही गोष्ट खोटी नाही. दादाला खोटं लिहिता येत नाही, हीच तर अडचण आहे.

'हो' किती आले ते का लिहिलं नाहीस? पळापळ करण्याआधी आकडा बघ. पिवळीच्या डाव्या बाजूला दिसतो. आणि दादाला तूच सांग. बाहेरून कळलं तर तो महिनाभर मूग गिळून बसेल, आणि तो गप्प बसला की तू माझ्याशी दुप्पट बोलतेस.

तुझी नणंद


२ मार्च

प्रिय वन्सं,

सांगायला उशीर झाला. बाहेरून कळलं.

अठरा तारखेला सकाळी शटर अर्धं वर होतं तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई हजर. सायकल स्टँडला लावली आणि फोन तुझ्या दादाच्या नाकासमोर धरला. "मी ब्रेक असून पाय घासते?" तो आधी फोनकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी पंक्चरच्या बादलीत हात घालून काहीतरी शोधत होते. तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "घासता."

मला वाटलं आता बाई निघून जाणार. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "लहानपणापासून घासतेय. आई ओरडायची, नवरा ओरडायचा. चपला झिजतात. तुम्हाला कसं कळलं?" तो म्हणाला, "उजव्या चपलेची टाच." आणि मग, "ब्रेक दाबून दाखवा." त्यांनी दाबला. बोटं पोचतच नव्हती. बाईंचे हात लहान, ब्रेकची पट्टी मुठीपासून लांब. तुझ्या दादाने एक स्क्रू पिळला, पट्टी मुठीजवळ आणली. पाच मिनिटांचं काम. बाई रस्त्यावर एक चक्कर मारून आल्या, ब्रेक लावून थांबल्या, परत गेल्या, परत थांबल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं का नाही केलंत?" तो म्हणाला, "तुम्ही कधी म्हणालाच नाहीत. मला वाटलं आवडतं तुम्हाला."

बाई गेल्यावर त्याने माझ्याशी बोलणं बंद केलं. ते अजून बंद आहे. 'चहा', 'पाना', 'हो', 'नाही', एवढंच.

पण मग रांगच लागली. आपलं काय लिहिलंय ते दाखवायला आणि आपली बाजू मांडायला लोक येतात. मॅनेजरसाहेब आले आणि आपण बडबडे नाही हे पाऊण तास समजावून गेले. जाताना डावं पेडल बदलून घेतलं. दातांचे डॉक्टर आले नाहीत, पण 'हो' दाबलंय. चौघं 'मला नको'च्या वाटेने गेले. तू म्हणाली होतीस मनाला लावून घेऊ नको, म्हणून मी फक्त एकाच्याच घरी गेले. त्याने सायकल विकून टाकलीय. चांगला माणूस आहे, पाणी दिलं.

आता खरी गोष्ट. ज्यांना यायला जमत नाही ते उत्तरं पाठवतात. आणि उत्तरात मायना असा: 'प्रिय तोंडात वॉशर धरून बोलणारे.' 'प्रिय हवा भरल्यावर चाकावर थाप मारणारे.' एकीने लिहिलंय, 'प्रिय गुणगुणतात आणि विचारलं की नाही म्हणतात.' एका म्हाताऱ्या पोस्टमनने लिहिलंय, 'प्रिय उजवा गुडघा दुखतो पण सांगत नाहीत, नवीन जागेत उंच स्टूल घ्या.' वन्सं, गुडघ्याचं मला सोडून कुणालाच माहीत नाही असं मी समजत होते.

ही उत्तरं मी कागदावर छापून आणते आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्या अडकवायची तार आहे ना, तिच्यात खोचून ठेवते. माझ्यासमोर तो ते बघत नाही. पण मी बाजारातून आले की कागदांवर काळे अंगठे उमटलेले असतात.

आकडा अडतीस.

तुझी वहिनी


८ मार्च

प्रिय वहिनी,

अडतीस म्हणजे बाराच राहिले. बारा दिवस, बारा माणसं. तुझ्या मैत्रिणीच त्याहून जास्त आहेत, पण त्यांच्याकडे सायकली नाहीत, म्हणून त्यांना सोड.

ज्यांनी पत्र उघडूनही काही दाबलं नाही त्यांना तेवढ्यांनाच पिवळी दुसरं पत्र पाठवू देते. साधं लिही. दुकान हलतंय, या तारखेपर्यंत सांगा, एवढंच. टोपलीतली फुलं काढ. आणि मायना तसाच राहू दे, आता त्यांना सवय झालीय.

गुडघ्याचं वाचलं. तू मला का सांगितलं नाहीस, असं विचारणार होते. मग वाटलं, मी तरी कुठे विचारलं.

आणखी एक. पिवळीने तुला एक पान दिलं असेल, जिथे नवीन माणसाला स्वतःचं नाव आणि पत्ता भरता येतो. त्याचा दुवा मला कळव. का म्हणून विचारू नकोस. उगाच बघते, कसं दिसतं ते.

तुझी नणंद


२१ मार्च

प्रिय वन्सं,

पन्नास. पन्नास गं. बरोबर पन्नास, एकही कमी नाही.

काल सकाळी सत्तेचाळीसवर अडकलं होतं ते हलेनाच. मी दर पाच मिनिटांनी पिवळी उघडत होते. लाँड्रीवाली येऊन बसली, तिलाही घाम. जेवणं झाली आणि टप टप टप, तीन लागोपाठ. लाँड्रीवालीने मला उचललंच. तिची कंबर धरलीय, पण ती म्हणते, चालेल.

तुझ्या दादाला सांगितलं. तो म्हणाला, "यादी दाखव." मी छापून दिली. बाकावर बसून त्याने ती बोट फिरवत वाचली, वरून खाली, मग पुन्हा वरून. शेवटी एका ठिकाणी बोट थांबलं आणि त्याच्या ओठाचा कोपरा हलला. हसला की गुडघ्यात कळ आली, सांगता येत नाही. "हं," म्हणाला. कागद घडी घालून खिशात. बावीस वर्षांच्या संसारात 'हं'चे मी चौदा अर्थ शिकले, हा त्यातला नव्हता.

संध्याकाळी गोदामवाल्याचा फोन आला. फोन घेऊन तो बाहेर गेला. गल्लीच्या बाजूने चालायला लागला. अर्ध्या तासाने आला, हात धुतले, आणि खिडकीतून मोजायची पट्टी काढून ठेवली. कशासाठी ते मी विचारलं नाही. विचारलं नाही असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालं.

तू त्या पानाचा दुवा मागितला होतास, मी लगेच कळवला, तो बघून झाला का? कसं दिसतं?

तुझी वहिनी


५ एप्रिल

प्रिय उतारावर हँडल सोडते,

पत्र लिहायची सवय नाही. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि तुम्ही दोघी लिहिता, म्हणून मीही लिहितो.

यादी मी वाचली. त्यात सत्तेचाळीस सायकली होत्या आणि तीन बायका. तिघींची पूर्ण नावं होती, आडनावासकट. माझ्या वहीत नाव नसतं. तिघींचे पत्ते डोळ्यांच्या दवाखान्याचे, आणि वेळ जेवणाच्या सुट्टीची. त्या चांगल्या असतील. पण त्यांच्याकडे सायकल नाही आणि त्या इथे राहत नाहीत. मी धरल्या नाहीत. तुझ्या वहिनीला बोललो नाही. ती फार आनंदात होती.

म्हणजे तीन कमी पडले. ठरलं होतं ते ठरलं होतं. गोदामवाल्याचा फोन आला तेव्हा येतो म्हणूनच सांगणार होतो. बोलायला बाहेर गेलो, तर एकजण सायकल हातात धरून उभा. वहीत 'उद्या नेतो म्हणतो' असं लिहिलंय तो. दुरुस्त झालेली सायकल महिना महिना नेत नाही. म्हणाला, नवीन दुकान कुठे ते आधी बघून ठेवतो. गल्लीपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. शटर बघितलं, जमिनीवर पाय आपटून बघितला. मी विचारलं, तुम्ही बटण दाबलंत का? म्हणाला, उद्या दाबतो.

तो सत्तेचाळिसात नव्हता. तिथे उभं राहून मी विचार केला, असे आणखी किती असतील. मग मोजायचं सोडलं. गोदामवाला तेवढा वेळ फोनवर थांबून होता. त्याला नाही म्हणून सांगितलं.

एक तारखेला उघडलं. अकराजण आले. त्यातले तिघं नुसतेच बघायला. पोस्टमनने उंच स्टूल आणून दिलं. गुडघा बरा आहे. वहिनीशी बोलतो.

आता तुझं. वही सुरू केली तेव्हा पहिली नोंद तुझी केली होती, पेन चालतंय का बघायला. वहिनीने पुढे तुझा पत्ता घातला. म्हणून तुलाही पत्र गेलं. पिवळी सगळं दाखवते. तू ते पाच वेळा उघडलंस. तीन परक्या बायकांना 'हो' दाबायला लावलंस आणि स्वतः दाबलं नाहीस.

का ते मला कळतं. बाबा गेल्यापासून तीन वर्षं तू आली नाहीस. त्या दुकानात पाय टाकवत नाही म्हणतेस. मलाही कधी कधी टाकवायचा नाही, पण मला रोज उघडायचं होतं. इथे तसं नाही. या जागेत बाबा कधी आलेच नव्हते.

बटण दाबू नकोस. ये.

दादा